नाकातली नळी, इन्सुलिन आणि भर पावसाळा: आयसीयूतून घरापर्यंतची वाट

दोन पावसाळ्यांपूर्वी, लावणीच्या ऐन दिवसांत, बाबांना ताप भरला. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले, पाचव्या दिवशी दम लागला. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या चिखल-पाण्यातून जखमेवाटे अंगात शिरणारा आजार. मालवण तालुक्यातल्या आमच्या गावात हा शब्द शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे, तरी दरवर्षी कुणीतरी पायाला जखम असताना चिखलात उतरतंच. तालुक्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि तिथून फोंडा घाटानं वर, अशी वरात निघाली. व्हेंटिलेटरवर ११ दिवस, आयसीयूत एकूण १९. घरी आणलं तेव्हा नाकात नळी होती आणि माझ्या हातात इन्सुलिनचा तक्ता. ती नळी घरी आणखी ३६ दिवस राहिली.

बाबांना दहा वर्षांपासून मधुमेह. त्यामुळे नळीतून काय द्यायचं आणि शुगर कशी सांभाळायची, हे दोन प्रश्न आमच्याकडे पहिल्या दिवसापासून एकाच दोरीला बांधलेले होते. ते दोन वेगळे धरले की घोटाळा होतो. मी ते एकदा वेगळे धरले होते, त्याची हकीकत पुढे येईल.

मी डॉक्टर नाही. इन्सुलिन किती युनिट द्यायचं हे या लेखात मुद्दाम लिहिलेलं नाही. तो आकडा तुमच्या पेशंटच्या कागदावर असतो आणि दर आठवड्याला बदलू शकतो.

१. आयसीयूच्या दाराबाहेर: पोटात काही गेलं का?

बाहेर बसलेल्या माणसांचा हा पहिला प्रश्न. आमच्या आतेनं तर डॉक्टरांनाच धरलं, "पोटात पेज नाय गेली तर अंगात ताकद येतली खंयसून?" प्रश्न चुकीचा नव्हता. बीपी सावरलेलं असेल आणि आतडी काम करत असतील, तर साधारण २४ ते ४८ तासांत नळीतून अन्न सुरू करायचा प्रयत्न होतो. आतड्यात थोडं का होईना अन्न गेलं की त्याचं अस्तर शाबूत राहतं, म्हणून सलाइनमधून पोषण देण्यापेक्षा पोटाचा रस्ता आधी वापरतात.

पण सुरुवात फार थोड्यानं होते. बाबांना पंपावर तासाला २० मिलि लावलं होतं. पाव कपाहूनही कमी. ते पाहून आमच्याकडचे लोक हळहळले, मीही हळहळलो. मग डायटिशियन ताईंनी समजावलं की बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर दिलं, तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं खाली येतं आणि हृदयावर बेततं. म्हणून काही दिवसांत हळूहळू वाढवत नेतात. पूर्ण गरज ढोबळ मानानं वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज २५ ते ३० कॅलरी. बाबा ५५ किलोचे, म्हणजे चौदाशे-सोळाशेच्या आसपास. आणि आजारात स्नायू वितळतात म्हणून प्रथिनं नेहमीपेक्षा जास्त.

तुम्ही एवढंच विचारा: फीड सुरू झालं का, आज किती ठरलं होतं, त्यातलं प्रत्यक्षात किती गेलं? ठरलेलं आणि गेलेलं यात बराच फरक पडतो. स्कॅन, प्रोसिजर, उलटी अशा कारणांनी फीड मध्येच थांबत राहतं.

२. नळी जागेवर आहे हे कसं कळतं

नाकातून पोटात जाते ती राइल्स ट्यूब. घालताना ती चुकून श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि बेशुद्ध माणसाला ठसकाही लागत नाही. म्हणून पहिल्या फीडआधी एक्स-रे काढून खात्री करतात. नळीतून ओढलेल्या पाण्याची आम्लता पट्टीवर पाहतात. पीएच ५.५ किंवा त्याखाली आला तर ते पोटातलं पाणी. सिरिंजनं हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप लावून गुडगुड ऐकायची जुनी पद्धत अजून सगळीकडे दिसते. पण नळी फुफ्फुसात असली तरी तसाच आवाज येऊ शकतो, त्यामुळे नुसत्या त्या आवाजावर विसंबू नये.

नाकपुडीशी नळीवर किती सेंटिमीटरचा आकडा येतो तो विचारून लिहून घ्या. आमचा ५८ होता. घरी गेल्यावर हा आकडा रोज लागतो.

३. जेवत नाहीत, मग शुगर ३०० कशी?

हा प्रश्न मी तीन वेगवेगळ्या लोकांना विचारला. उत्तर असं: शरीरावर मोठं संकट आलं की कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रिनलीनसारखी संप्रेरकं वाढतात. ती यकृताला साखर सोडायला लावतात आणि इन्सुलिनचा असर बोथट करतात. त्यात स्टेरॉइड चालू असलं तर आणखी भर. म्हणजे तोंडात घास न घालताही साखर चढते. ज्यांना कधी मधुमेह नव्हता त्यांचीही चढते. आधीपासून होता की आजारामुळे चढली, हे एचबीए१सीवरून (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) बरंचसं कळतं. तो ६.५ किंवा वर आला तर बहुधा आधीपासूनच होता. पण पेशंटला रक्त चढवलेलं असेल तर त्या आकड्याचा भरवसा धरू नका.

बहुतेक आयसीयूंत सलग दोनदा शुगर १८० च्या वर गेली की इन्सुलिन सुरू करतात आणि १४० ते १८० च्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न करतात. घरी आपण उपाशीपोटी १०० पाहायला सोकावलेले, त्यामुळे १७० ऐकून मी सिस्टरांशी वाद घातला होता. यामागे इतिहास आहे. २००१ साली बेल्जियममधल्या ल्यूव्हन इथल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या पेशंटांची शुगर अगदी ८० ते ११० मध्ये ठेवली तर मृत्यू कमी झाले असं दिसलं, आणि जगभर कडक नियंत्रणाची लाट आली. मग २००९ मध्ये नाइस-शुगर नावाचा बराच मोठा अभ्यास आला, ६१०४ पेशंटांचा. त्यात कडक नियंत्रणाच्या गटात मृत्यू २७.५ टक्के आणि ढिल्या गटात २४.९ टक्के निघाले. शुगर धोकादायक खाली जाण्याचं प्रमाण एकीकडे ६.८ टक्के तर दुसरीकडे ०.५ टक्के. त्यामुळे "१७० का ठेवलीय?" म्हणून भांडू नका.

एक गोष्ट आयसीयूत नक्की पाहा. हातपाय सुजलेले असतील किंवा बीपीची औषधं चालू असतील, तर बोटाच्या थेंबावरची शुगर चुकू शकते. अशा वेळी धमनीतल्या रक्तावर तपासतात. बोट आणि लॅब यांचे आकडे फार वेगळे आले तर विचारायला लाजू नका.

४. आयसीयूतला सगळ्यात मोठा सापळा: फीड थांबलं, इन्सुलिन चालूच

पंपावर इन्सुलिन, दुसऱ्या पंपावर फीड. पेशंटला सीटी स्कॅनला न्यायचं ठरलं, फीडचा पंप बंद झाला. इन्सुलिनचं काय? तेही कमी किंवा बंद करायला हवं, किंवा डेक्स्ट्रोजचं, म्हणजे ग्लुकोजचं, सलाइन लावायला हवं. औषधानं झोपवलेल्या माणसाला घाम, थरथर, भूक यातलं काही सांगता येत नाही. साखर गुपचूप खाली जाते.

म्हणून फीड थांबलेलं दिसलं की एकच वाक्य विचारा: "इन्सुलिनचं काय केलंय?" मी हे प्रत्येक पाळीच्या सिस्टरांना विचारत असे. दोघी वैतागल्या, पण एकीनं स्वतःहून दर तासाची शुगर मला वाचून दाखवायला सुरुवात केली.

घाटातून हलवताना हेच. फोंडा घाट, रात्रीचा पाऊस, अँब्युलन्स तीन तास. निघण्याआधी उलटी नको म्हणून फीड बंद केलं होतं. सोबतच्या डॉक्टरांनी इन्सुलिन थांबवून डेक्स्ट्रोज लावलं आणि दर तासाला बोट टोचलं. तुमच्या वेळी कुणी बोललं नाही तर तुम्ही बोला.

याच प्रकारचे आणखी दोन सापळे. स्टेरॉइड कमी होऊ लागलं की इन्सुलिनची गरजही खाली येते, कधी दोन-तीन दिवसांतच. आणि लेप्टोत मूत्रपिंडाला मार बसतो. मूत्रपिंड मंदावलं की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं. दोन्ही वेळी जुना डोस जास्त ठरतो.

५. सुट्टीच्या आधीचे दोन दिवस

"उद्या डिस्चार्ज" म्हटलं की घरचे बिलाच्या मागे लागतात. घरात एक माणूस तरी त्या दोन दिवसांत सिस्टरांच्या पाठीशी उभा राहून शिकला पाहिजे. मी नुसतं बघितलं आणि घरी आल्यावर हात थरथरले. तुम्ही निदान तीन फीड आणि दोन इन्सुलिन त्यांच्यासमोर स्वतःच्या हातानं द्या.

कागद हे घ्या:

- डिस्चार्ज कार्ड, त्यात नळी घातल्याची तारीख, जाडी आणि नाकाशी येणारा आकडा
- डायटिशियनचा तक्ता: काय, किती मिलि, किती वाजता
- इन्सुलिनचा तक्ता: कोणतं, किती वाजता, आणि शुगर किती असेल तर द्यायचं नाही
- फीड थांबलं तर इन्सुलिनचं काय करायचं, याच्या दोन ओळी डॉक्टरांच्या हस्ताक्षरात (हे मागून घ्यावं लागतं, आपोआप मिळत नाही)
- क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते यावरून कळतं), पोटॅशियम आणि एचबीए१सीचे शेवटचे रिपोर्ट
- गोळ्यांपैकी कोणत्या कुटून चालतात आणि कोणत्या नाही

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ घेतला असेल तर रेशनकार्ड, आधार आणि योजनेचे कागद एका पिशवीत ठेवा, तपासणीला परत जाताना लागतात. अजून भरतीच चालू असेल तर हॉस्पिटलात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, त्याला गाठा. कुठलं हॉस्पिटल योजनेत आहे हे १५५३८८ वर कळतं.

६. घरी लागणारं सामान

५० मिलिच्या सिरिंजा, ज्यांचं तोंड नळीत नीट बसतं अशा. ग्लुकोमीटर, त्याच्याच कंपनीच्या स्ट्रिप्स, लॅन्सेट. इन्सुलिनच्या सिरिंजा (यावर पुढे मोठं प्रकरण आहे). चिकटपट्टी, कायम राहणारं मार्कर पेन, दोन तलम फडकी, बारीक गाळणी, मिक्सर. ग्लुकोज पावडरचा डबा, कायम भरलेला. पाठीमागून उचलता येणारा पलंग भाड्यानं मिळतो, नाही मिळाला तर उशा आणि पाठीला उलटी खुर्ची. एक जाड वही. आणि इन्व्हर्टर किंवा निदान चार्जिंगची बॅटरी.

स्ट्रिपची डबी उघडी ठेवू नका. आमच्या हवेत जुलै महिन्यात मीठसुद्धा पाणी सोडतं, स्ट्रिप्सची काय कथा.

७. फीड: पेजेचा मोह आवरा

इथे घरोघरी भांडण होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

*पेज.* आजारी माणसाला पेज ही आपली श्रद्धा आहे, मीही तिच्यावरच वाढलो. पण तांदळाच्या पातळ पेजेत पाणी आणि पिष्ट, बाकी फारसं काही नाही. पोट भरतं, शुगर चढते, प्रथिनं जवळजवळ मिळत नाहीत. नळीतून २५० मिलि जागा आहे, ती पेजेवर घालवायची नाही.

*कुळीथ आणि नाचणी.* कुळथाची पिठी गरम असताना पातळ दिसते, नळीत गार होता होता घट्ट बसते. आमची नळी पहिल्यांदा तुंबली ती यामुळेच. नाचणी चालते, पण सत्त्व काढून, भरपूर पातळ करून, दोनदा गाळून.

*शहाळं.* भेटायला येणारा प्रत्येक माणूस शहाळी घेऊन येतो. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. लेप्टोनंतर मूत्रपिंड पूर्ण सावरलेलं नसेल तर ते पाणी हृदयाला धोक्याचं. क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचा रिपोर्ट पाहून डॉक्टर हो म्हणाले तरच. तोवर पाहुण्यांनाच पाजा.

*आगळ (कोकमाचा आंबट रस), सोलकढी, लिंबू, ताक.* दुधाच्या फीडनंतर आंबट काही गेलं की नळीत दूध फाटतं आणि खडा होतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट याच्यावर आहे.

*आमरस आणि साखर घातलेलं काहीही* वर्ज्य. ते नुसती शुगर वाढवतं.

*कच्चं अंडं* नाही. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग वाटून, गाळून चालतो.

आमचं फीड डायटिशियननी ठरवलं ते असं: दूध, नाचणी सत्त्व, शिजवून वाटलेली मूगडाळ, थोडं तेल आणि प्रथिनांची पावडर. दिवसातून दोन वेळा तयार मधुमेही फीड, ज्याची एक मिलि म्हणजे साधारण एक कॅलरी. तयार फीड महाग पडतं, पण प्रवासाच्या दिवशी आणि वीज नसेल तेव्हा त्याला पर्याय नाही. चार दिवसांचं तरी घरात असू द्या. प्रमाण मी देत नाही. मूत्रपिंडाची तब्येत वेगळी असली की डाळ-दुधाचं गणित बदलतं.

घरी केलेलं फीड दोन तासांवर बाहेर ठेवू नका. दमट हवेत ते लवकर आंबतं, आणि जुलाब लागले की पुन्हा शुगरचा खेळ. फ्रीजमधलं २४ तासांत संपवा, देताना कोमट करा, उकळतं नको.

८. फीड देण्याचा क्रम

आमच्या वेळा सकाळी ६, ९, १२, ३, ६ आणि रात्री ९. प्रत्येक वेळी २५० मिलि. क्रम हा:

१) हात धुवा. पाठ ३० ते ४५ अंश वर उचला. आडव्या माणसाला फीड कधीच नाही.
२) नाकाशी ५८ चा आकडा आहे का पाहा. नळी पुढे सरकली असेल, तोंडात वेटोळं दिसत असेल, खोकला किंवा आवाजात घरघर असेल, तर थांबा.
३) ३० मिलि कोमट पाणी सोडा. सहज उतरलं पाहिजे.
४) आता इन्सुलिन, तक्त्यात असेल तर.
५) सिरिंजचा दट्ट्या काढून तिचा फक्त नळीला जोडलेला नळा वापरा, फीड आपल्या वजनानं उतरू द्या. १५ ते २० मिनिटं. दट्ट्यानं जोर लावून ढकललं की उलटी होते.
६) पुन्हा ३० मिलि पाणी. टोपण लावा.
७) पुढचा पाऊण-एक तास पाठ वरच.

पाणी आधी, इन्सुलिन नंतर हा क्रम माझा नाही. तो मला एका संध्याकाळनं शिकवला.

घरी आल्याच्या आठव्या दिवशी मी ओरोसला रिपोर्ट आणायला गेलो होतो. दुपारी तीनच्या फीडनंतर आतेनं प्रेमानं आगळाचं पाणी नळीतून सोडलं. "पोट थंड रवता." नंतर साधं पाणी सोडायचं राहिलं. मी सहाला परतलो, शुगर पाहिली ती ११२, आणि सवयीनं आधी इन्सुलिन टोचलं. मग सिरिंज लावली. थेंब उतरेना. नळीत फाटलेलं दूध बसलेलं. मी तासभर नळीशी झटापट करत राहिलो, इन्सुलिन आत आपलं काम करत राहिलं. साडेसातला बाबांचं कपाळ घामानं ओलं. शुगर ६१. फोनला रेंज नव्हती, भावाला गाडीनं तिठ्यावर १०८ ला फोन लावायला पाठवलं. मग कोमट पाण्यानं पुढे-मागे, पुढे-मागे हळू दट्ट्या हलवत राहिलो आणि नळी एकदाची मोकळी झाली. ग्लुकोज गेलं. पंधरा मिनिटांनी ७४, पुन्हा दिलं, मग १०८. योगायोगानं अँब्युलन्सचा नंबर आणि शुगरचा आकडा एकच, तेव्हा हसू मात्र आलं नाही.

आतेला मी काही बोललो नाही. चूक तिची निम्मी, माझी पुरी.

९. इन्सुलिन: लाल टोपी आणि नारिंगी टोपी

हे दोनदा वाचा.

आपल्याकडे काचेच्या बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा ४० चं असतं, म्हणजे एका मिलित ४० युनिट. पेनचं आणि काही बाटल्यांतलं १०० चं. सिरिंजाही दोन: ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. बाटली आणि सिरिंज एकाच आकड्याची हवी. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ८ च्या रेघेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात २० युनिट जातात. उलटं केलं तर ८ ऐवजी जेमतेम ३ जातात आणि शुगर का उतरत नाही म्हणून लोक डोस वाढवत बसतात. बाजारात एक सिरिंज नसेल तर दुकानदार "हीच चालेल" म्हणून दुसरी देतो. चालत नाही. बाटलीवरचा आकडा दरवेळी वाचा, नवी आणली की पुन्हा वाचा.

साधं रेग्युलर इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. त्याचा जोर दोन ते चार तासांत सगळ्यात जास्त असतो आणि असर सहाएक तास राहतो. आमचं ६, १२ आणि ६ ला होतं, म्हणजे प्रत्येक इंजेक्शन दोन फीडना पुरत होतं. यातून एक गोष्ट निघते: संध्याकाळी सहाचं इन्सुलिन घेतलंय आणि रात्री नऊचं फीड "झोपलेत, राहू दे" म्हणून चुकवलं, तर मध्यरात्री शुगर पडते. झोपलेल्या माणसाची दया इथे महागात पडते.

बोट टोचण्याआधी ते साबणानं धुऊन कोरडं करा. ग्लुकोज किंवा फळाचा रस लागलेल्या बोटावर आमच्या मीटरनं एकदा ३४० दाखवले, धुतल्यावर १५६. त्या ३४० वर इन्सुलिन दिलं असतं तर काय झालं असतं याचा विचार मी टाळतो.

आणि शुगर वाढली म्हणून फीड कमी करू नका. फीड कमी, ताकद कमी, जखमा भरत नाहीत. आकडे तीन दिवस चढे राहिले तर वही घेऊन डॉक्टरांना फोन करा, इन्सुलिन ते बदलतील.

१०. शुगर ७० च्या खाली गेली तर

घाम, थंड अंग, गुंगी, विचित्र बडबड, किंवा नुसतं "आज वेगळे दिसतात". आधी टोचून पाहा. मीटर सापडत नसेल तर शुगर पडलीय असंच धरा.

नळी चालू असेल तर तीन चमचे ग्लुकोज अर्धा कप पाण्यात विरघळवून नळीतून, मग ३० मिलि पाणी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा द्या. वर आली की ठरलेलं फीड द्या.

नळी बंद असेल किंवा माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही ओतू नका. गिळता येत नाही म्हणूनच नळी आहे. १०८ ला फोन, आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात शिरेतून ग्लुकोज. आमच्या केंद्रातल्या सिस्टरांचा नंबर मी पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहायला हवा होता, लिहिला नवव्या दिवशी.

११. नळी तुंबली, नळी निघाली

तुंबली तर कोमट पाणी आणि धीर. काडी, तार, कोल्ड्रिंक काही नको.

निघाली तर स्वतः परत घालू नका, यूट्यूबवर कितीही सोपं दिसलं तरी. ग्रामीण रुग्णालयात न्या, आणि घातल्यावर खात्री कशी केली ते विचारा. त्या दिवशीचं पुढचं इन्सुलिन देण्याआधी डॉक्टरांशी बोला. दिलेलं असेल तर दर अर्ध्या तासाला शुगर पाहत निघा, आणि सोबतच्या माणसाला सांगा की शिरेतून ग्लुकोज लागू शकतं.

बाबा झोपेत नळी ओढत. त्यावर उपाय म्हणून सुती हातमोजे घातले, बोटांची पकड सुटली.

गोळ्या एकेक वेगळी कुटा, पाण्यात विरघळवा, फीडमध्ये मिसळू नका. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर असलेली गोळी कुटायची नाही. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन एसआर याच यादीत येते.

१२. पावसाळा आणि वीज

न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलेलं इन्सुलिन फेकायचं. उघडलेली बाटली सुमारे चार आठवडे बाहेर सावलीत चालते, २५ ते ३० अंशांपर्यंत. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा.

माठात ठेवायची युक्ती उन्हाळ्यात चांगली. पण माठ गार होतो तो पाणी उडून, आणि पावसाळ्यात आपल्याकडे हवेत आधीच इतकं पाणी की उडायचं कुठे? सुदैवानं तेव्हा घरातही फार उकडत नाही. खरी काळजी मे महिन्याची.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. म्हणून जून ते सप्टेंबर घरात तयार फीड, स्ट्रिप्स, सिरिंजा आणि इन्सुलिनचा निदान पंधरवड्याचा साठा ठेवा. घाट बंद झाला की कणकवलीतल्या दुकानातही माल येत नाही.

१३. नळी काढताना

बरं वाटू लागलं की पेशंट स्वतःच म्हणतो, काढा ही. व्हेंटिलेटरची नळी घशात बरेच दिवस राहिली की गिळणं कमजोर होतं, आणि पाणी ठसका न लागताही श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून गिळण्याची तपासणी करून घ्या. आमच्याकडे स्पीच थेरपिस्टनी केली, आधी दाट पदार्थ चमच्यानं, पातळ शेवटी. तोवर दिवसातून दोनदा तोंड, दात, जीभ साफ करत राहा. तोंडानं खात नसले तरी तोंडात जंतू वाढतात, तेच पुढे छातीत उतरतात.

पहिले काही दिवस थोडं तोंडानं, थोडं नळीनं चालतं. हा काळ शुगरसाठी सगळ्यात लबाड. फीड २५० ठरलेलं, तोंडानं खाल्लं चार चमचे, इन्सुलिन मात्र जुन्या तक्त्याप्रमाणे. त्या आठवड्यात आम्ही शुगर दिवसातून सहादा पाहिली, आणि डॉक्टरांनी तक्ता दोनदा बदलला.

नळी निघाली त्या दिवशी बाबांनी मऊ भात आणि मुगाचं वरण खाल्लं, सोबत पेडव्याचा एवढासा तुकडा काटे काढून. जेवणानंतर दोन तासांनी शुगर १८४. जुना तक्ता मी त्याच संध्याकाळी भिंतीवरून काढून चुलीत घातला, कारण तो तिथे राहिला असता तर घरातल्या कुणीतरी त्याप्रमाणे इन्सुलिन भरलं असतं.